नाहरकत

“या कागदावर तिघांच्याही सह्या लागतील,” खोब्रागडे साहेब म्हणाले, आणि अनंता भाऊजींनी लगेच आपल्या खिशातलं पेन काढून बाबांच्या हातात दिलं. टोपण काढून दिलं. सासऱ्याला टोपण उघडायचेही कष्ट पडू नयेत, इतकी जावयाला काळजी.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

साहेबांनी फाईलमधून मान वर केली. “तुम्ही कोण?”

“सातबाऱ्यावरचं तिसरं नाव. कुंदा शामराव पिंपळशेंडे.”

“कुंदे, चूप बस,” बाबा म्हणाले. “साहेब, ल्हान पोरगी हाये माही. तिच्याकडे ध्यान देऊ नका.”

“एकवीस वर्षांची आहे मी, साहेब.”

अनंता भाऊजी हसले. त्यांना हसायला फार आवडायचं, विशेषतः दुसरा माणूस रागावलेला असला की. माझी मोठी बहीण वनूताई, म्हणजे त्यांची बायको, भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. अंगावर नवं हिरवं पातळ होतं. त्याचा काठ ती बोटानं सरळ करत होती आणि कोणाकडेच पाहत नव्हती.

याला आता चोवीस वर्षं झाली. एप्रिलचा महिना होता. आमचं माजरखेड तेव्हा धड शेतकऱ्यांचंही राहिलं नव्हतं आणि धड खदानीचंही झालं नव्हतं. एका अंगाला जिनिंगच्या गिरण्या, दुसऱ्या अंगाला सिमेंटच्या कारखान्याचं धुराडं, आणि मधल्या रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक. कापूस विकायला नेला की ग्रेडर मूठभर कापूस पांढऱ्या रुमालावर घासायचा आणि काही न बोलता रुमाल दाखवायचा. रुमाल काळा झालेला असायचा. घरोघरी आया पोरांना निजवायच्या आधी गाद्या झटकायच्या, आणि सकाळी उठून पुन्हा झटकायच्या.

दोन एकर जमीन खदानीत गेली की एक नोकरी, असा कंपनीचा नियम होता. सर्व्हेवाले यायचे आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खदानीच्या हद्दीचा पांढरा दगड रोवून जायचे. ज्याच्या धुऱ्यावर दगड पडला त्याची पोरगी रातोरात गोरी व्हायची. सोयरीक घेऊन येणारी माणसं पोरगी किती शिकली, स्वयंपाक कसा करते, असलं काही विचारायची नाहीत. पोह्यांची बशी हातात घेऊन विचारायची, “वावर दगडाच्या अंदर हाये का बाहेर?” लग्नात जावयाला नोकरी लिहून द्यायची चालच पडली होती. जमीन सासऱ्याची आणि नोकरी जावयाची. गावात कोणाला यात काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं आणि मी ते तोंडावर बोलायची, म्हणून मी तिखट.

आमचं वावर मुळात मायचं होतं. तिला भाऊ नव्हता, तेव्हा आजोबांनी दोन एकर अकरा गुंठे तिच्या नावानं केले होते. मी बारा वर्षांची असताना माय गेली आणि सातबाऱ्यावर बाबा, वनूताई आणि मी अशी तीन नावं चढली. वनूताई तेव्हा दहावीत होती. तिनं परीक्षा दिली, पास झाली आणि त्यानंतर चुलीपाशी बसली ती बसलीच. पुढं चार वर्षांनी आमच्या धुऱ्यावर दगड पडला, आणि महिन्याच्या आत अनंता थेरे पाहायला आले. तेव्हाही त्यांच्या खिशाला दोन पेनं होती. काय काम करतात ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. नोकरी त्यांच्या नावानं करायची असं ठरलं आणि लग्न लागलं.

दोन वर्षांनी कंपनीनं नकाशा बदलला. सर्व्हेवाल्यांनी आमचा दगड उपटून नाल्यापलीकडे नेऊन रोवला. त्यानंतर पंधरा दिवसांत वनूताई लोखंडी पेटी घेऊन माहेरी आली. भाऊजींनी निरोप पाठवला होता की तिचा स्वभाव पटत नाही. वनूताई म्हणजे घरात पाणीसुद्धा उठून स्वतः घेणारी बाई. तिचा स्वभाव कळायला माणसाला जन्म लागावा, आणि यांना तो पटेनासा झाला.

तीन वर्षं ती आमच्याकडे राहिली. तीन वर्षांत भाऊजींचं एक पोस्टकार्ड नाही. मग कंपनीनं खदान वाढवायची ठरवली. फेब्रुवारीत दगड परत आमच्या धुऱ्यावर आला. आठव्या दिवशी दारात जीप उभी राहिली आणि भाऊजी हिरवं पातळ घेऊन उतरले. “झालं गेलं इसरून जाऊ, मामाजी,” असं म्हणत त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला, आणि बाबांनी डोळे पुसले.

तेव्हा ठरलं ते असं. नोकरीच्या कागदावर तिघांनी अनंता थेरेंचं नाव लिहून सह्या करायच्या, आणि ऑफिसातूनच वनूताईनं जीपमध्ये बसून सासरी जायचं. म्हणून त्या दिवशी तिची पेटी सकाळीच जीपमध्ये चढली होती. सह्या आधी आणि बायको नंतर. नुसतं आठवलं तरी आजही माझ्या कपाळाची शीर उडते.

मी पिशवीतून माझं प्रमाणपत्र काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मी आयटीआय केली होती, इलेक्ट्रिशियनचा कोर्स, अख्ख्या तुकडीत मी एकटी मुलगी. कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानात मी जळालेल्या मोटारी आणि पंखे नवी तार गुंडाळून भरत होते. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा की काम त्यानं केलं.

“ही नोकरी मला पाहिजे,” मी म्हणाले. “माझं नाव लिहायचं असेल तर सही करते.”

साहेबांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि परत केलं. “याची गरज पडत नाही. जमिनीच्या बदल्यात लागणारे सगळे सुरुवातीला साधे कामगारच असतात. वय अठरा ते पस्तीस, आणि लिहिता-वाचता आलं की झालं. बाकी काम तिथं शिकवतात.”

“पण मुलींना देता येते ना?”

“येते की. चार वर्षांत माझ्याकडे कोणी मागितली नाही, एवढंच.”

“साहेब, खदानीत बाई काय करन?” भाऊजींनी हसत विचारलं.

“ते मी ठरवत नाही,” साहेब म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “यादी पाच वाजता मुख्य ऑफिसला जाते. तोवर तुम्ही तिघांनी एक नाव लिहून आणा. जमलं नाही तर तुमचं प्रकरण वादात पडेल. वादातली प्रकरणं त्या कपाटात आहेत. बाहेर बसा, शांतपणे ठरवा.”

कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, इतक्या फायली आत होत्या.

कंपनीचं जमिनीचं ऑफिस तेव्हा एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये होतं. आवारात मोठी चिंच होती आणि तिच्याखाली कापूस मोजायच्या काट्याचा जुना ओटा. आम्ही तिथं जाऊन बसलो. भाऊजी बसले नाहीत. समोर येरझाऱ्या घालायला लागले.

“कुंदे,” बाबा म्हणाले, “बहिणीचं घर परत वसून राहिलं. तुह्या पोटात काहून दुखते?”

“घर वसवाले नाई आले ते, बाबा. नोकरी न्याले आले. ताई संग जाऊन राहिली, एवढंच.”

“पाहा मामाजी, कशी बोलते,” भाऊजी म्हणाले. “कुंदाबाई, मी तुमच्या चांगल्याचंच सांगतो. उद्या तुमचं लगन होईन. नोकरी जाईन दुसऱ्याच्या घरी. मंग मामाजीचं म्हातारपण कोन पाहीन?”

“तुमी पाहान? तीन सालात एक डाव तरी पाहालं का, मामाजी जिते हाये का मेले?”

“कुंदे!”

“बोलू द्या तिले, मामाजी. मले राग नाई येत.”

“कसा येईन? दगड सरकला तवा तुमाले ताईचा स्वभाव पटत नव्हता. दगड परत आला तं स्वभाव सुधरला का तिचा?”

यावर ते पहिल्यांदा हसले नाहीत. तेवढ्यात दोनचा भोंगा झाला आणि आम्ही सगळे गप्प बसलो. माजरखेडची माणसं सुरुंगाच्या वेळी भांडण थांबवतात आणि बार झाला की सोडलं तिथून पुढं धरतात. ओटा हादरला, चिंचेवरून धूळ पडली, ऑफिसच्या खिडक्यांची तावदानं वाजली.

धूळ बसल्यावर बाबा बोलले ते भाऊजींशी नाही आणि माझ्याशीही नाही. जमिनीकडे पाहून बोलले.

“तीन वर्सं झाले, मी चौकात चहा प्याले जात नाई. लोक इचारतात, वनू कवा जाते सासरी. का सांगू त्याहिले? माही पोरगी वापस केली म्हणून सांगू?”

मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला. चौकातला चहा प्यायला मिळावा म्हणून हा माणूस पोरीला त्या जीपमध्ये बसवायला तयार होता.

या सगळ्यात वनूताई एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, नळावरून तांब्या भरून आणला आणि सगळ्यांना पाणी दिलं. आधी भाऊजींना, मग बाबांना, मग मला. मी तांब्या घेतला नाही. तिचा हात धरून तिला ओट्याच्या मागे, गोदामाच्या भिंतीआड घेऊन गेले.

“ताई, खरं सांग. तुले जायचं हाये का त्याच्यासंग?”

तिनं तांब्या दोन्ही हातांत धरला होता.

“नाई,” ती म्हणाली.

“मंग काहून बसली ते पातळ नेसून?”

“बाबा म्हणाले, नेस.”

“मंग आता चाल. त्याच्या तोंडावर सांग. मी हाये तुह्यासंग, घाबरू नको.”

“थांब ना कुंदे. मी का म्हणतो, नोकरीचं—”

“नोकरीचं मी पाहून घेतो. तू फक्त नाई म्हण.”

आणि मी तिला जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. हे मला आज इतकं लख्ख आठवतं, कारण तिचं वाक्य मी कापलं होतं. तेव्हा कापलं हे कळलंसुद्धा नव्हतं.

चिंचेखाली येऊन वनूताई बाबांच्या समोर उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, पण शब्द साफ होते.

“बाबा, मी जात नाई.”

भाऊजी पुढं आले. “का म्हटलं?”

“मी येत नाई तुमच्या घरी.”

“तुले शिकवलं का हिनं?”

“मले कोणी नाई शिकवलं.”

भाऊजींचा चेहरा आधी नुसताच कोरा झाला. मग ते वळले आणि जीपच्या ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, “पेटी उतरव रे.” ड्रायव्हरनं पेटी उतरवून धुळीत ठेवली. आता जातील असं वाटलं. ते जीपपर्यंत गेलेही. एक पाय आत ठेवला आणि परत आले.

“ते पातळ,” ते म्हणाले.

कोणालाच काही कळलं नाही.

“ते हिरवं पातळ माह्या पैशाचं हाये. ते देऊन टाक.”

एप्रिलचा उन्हाळा, भर दुपार, ऑफिसच्या आवारात दहा-बारा माणसं आपापल्या कागदांसाठी उभी, आणि हा माणूस बायकोच्या अंगावरचं पातळ परत मागत होता. मी त्याच्यावर धावले. माझ्या हातात काय होतं ते आठवत नाही, बहुतेक तांब्याच होता. वनूताईनं मला मधेच धरलं. तिच्या हातांत इतकी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“राहू दे,” ती म्हणाली. तिनं धुळीतली पेटी उघडली, तिचं जुनं करडं पातळ काढलं आणि ऑफिसच्या मागच्या खोलीकडे गेली. झाडलोट करणारी बाई तिच्यासोबत गेली आणि दाराशी पाठ करून उभी राहिली. दहा मिनिटांनी वनूताई बाहेर आली. हिरव्या पातळाची तिनं दुकानातल्यासारखी घडी घातली होती. ती तिनं भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. बगलेत मारली. जीप सुरू झाली आणि फाटकाबाहेर गेली.

बाबा उठून उभे राहिले होते. म्हातारा माणूस इतका सरळ उभा राहिलेला मी पुष्कळ दिवसांनी पाहत होते.

“आन तो कागद,” ते मला म्हणाले. “पोरीच्या अंगावरचं लुगडं उतरवून नेलं भडव्यानं. आन.”

मी कागद दिला. त्यांनी तो ओट्यावर ठेवून, जिथं नाव लिहायचं ती जागा कोरीच असताना, खाली आपली सही केली. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. पाच मिनिटं लागली.

“आता तुमी दोघी ज्याचं लिहान त्याचं लिहा,” ते म्हणाले. “वावर तुमच्या मायचं होतं.”

ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. महिला मंडळात सांगितली, युनियनच्या सभेत सांगितली, आठ मार्चला कंपनीच्या हॉलमध्ये माइकवरून सांगितली. आता मी खदानीच्या सबस्टेशनवर फोरमन आहे, माझ्या हाताखाली चौदा पुरुष आहेत, आणि या भागात जमिनीच्या बदल्यात लागलेली पहिली बाई म्हणून माझं नाव घेतात. दर वेळी मी गोष्ट या इथं थांबवते. जीप जाते, बाबा कोऱ्या कागदावर सही करतात. बायका पदरानं डोळे पुसतात आणि टाळ्या वाजतात. मग मी खाली बसते.

गेल्या महिन्यात अशाच एका सभेत वनूताई मागच्या रांगेत बसली होती. माझा डबा द्यायला आली होती, आणि आयोजकांनी तिला बसवून घेतलं. गोष्ट संपल्यावर तिनंही टाळ्या वाजवल्या. घरी येताना काही बोलली नाही. म्हणून पुढचं सांगते.

बाहेर रांग होती, आमचा नंबर लागून आम्ही दोघी आत गेलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. साहेब दुसऱ्या कोणाशी बोलत होते. त्यांच्या कारकुनानं आम्हाला बाजूच्या टेबलावर बसवलं. वनूताईचं अक्षर चांगलं, घरातले सगळे अर्ज तीच भरायची. माझा आयटीआयचा अर्जही तिनंच भरला होता आणि फीसाठी बाबांशी आठ दिवस अबोला धरला होता. म्हणून पेन तिच्या हातात होतं आणि मी तिच्या शेजारी उभी राहून कारकुनाला माझी जन्मतारीख सांगत होते.

तिनं गावाचं नाव लिहिलं. गट क्रमांक लिहिला. क्षेत्र लिहिलं. मग नोकरीसाठी सुचवलेल्या व्यक्तीचं नाव, या रकान्यात तिनं सावकाश, एकेक अक्षर सारखं काढत लिहिलं: वनमाला शामराव पिंपळशेंडे.

मला वाटलं, चुकली.

“ताई, तिथं सहीवाल्याचं नाव नाई लिहाचं. नोकरी कोणाले, ते लिहाचं हाये.”

“माहीत हाये मले.”

“मंग?”

“मले पाहिजे,” ती म्हणाली.

मी हसले. खरंच हसले. आणि म्हणाले, “तुले? तुले काय येते?”

तिनं पेन खाली ठेवलं नाही. कागदाकडे पाहतच बोलली. “साहेब म्हणाले ना. लिहिता-वाचता आलं की झालं. बाकी शिकवतात.”

“अन मी आयटीआय कायले केली?”

“तुह्या हाताले काम हाये, कुंदे. तू कोठीबी जाशीन, पोट भरशीन. माह्या हाताले काय हाये? पोळ्या हाये.”

“ताई, खदान हाये ते. ट्रकवाले, ड्रिलवाले, सगळे माणसं. तुले साधं पोस्टात जायले सोबत लागते.”

“कोणी एकटीले जाऊ देलं नाई म्हणून लागते.”

कारकून कान टवकारून ऐकत होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो.

“मी नसती तं तू आता त्या जीपमध्ये असती,” मी म्हणाले. “हे ध्यानात ठेव. सकाळपासून घसा कोरडा करून कोणासाठी भांडून राहिली मी?”

वनूताईनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, राग असता तर बरं झालं असतं.

“तेच पाहून राहिली मी,” ती म्हणाली.

शिपायानं डोकावून सांगितलं की पाचला दहा मिनिटं आहेत, यादी बंद करतोय. कारकुनानं कागद माझ्यापुढं सरकवला. “तुमची सही राहिली, मॅडम.” त्यानं पेन वनूताईच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिलं.

मी सही केली असती तर वनूताई दुसऱ्या दिवशीपासून खदानीत कामाला लागली असती असं नाही. मेडिकल होती, कागद होते, सहा महिने तरी गेले असते. पण नाव तिचं गेलं असतं. हे मला त्या क्षणी पूर्ण कळत होतं. मला हेही कळत होतं की ती खरं बोलते आहे, मी कुठंही पोट भरू शकते आणि ती भरू शकत नाही. मी मूर्ख नव्हते. मला कोणी फसवलं नाही, कोणी भरीला घातलं नाही. मी फक्त पेन टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घातली.

अनंता थेरेला मी चोवीस वर्षं शिव्या देते आहे. बाबांनाही ते असेपर्यंत मी ऐकवत होते. त्यांच्या वाटणीच्या शिव्या त्यांनी कमावल्या होत्या, त्यातली एकही मी मागे घेत नाही. पण तो दिवसभर नोकरी मागत होता आणि मीही दिवसभर नोकरी मागत होते. वनूताईचं नाव आम्ही दोघांनी सारखंच वापरलं.

घड्याळात पाच मिनिटं राहिली होती. वनूताईनं पेन उचललं. स्वतःच्या नावावर एक आडवी रेघ ओढली. वर, उरलेल्या जागेत, माझं नाव लिहिलं. जागा कमी होती, म्हणून अक्षर बारीक काढलं, पण नीट काढलं.

“खाडाखोड केली तिथं छोटी सही करा,” कारकून म्हणाला. तिनं केली. मग खाली तिची मोठी सही केली. मग मी माझी केली.

कागद साहेबांपुढं गेला. त्यांनी तो वाचला, खोडलेल्या नावावर त्यांची नजर थोडा वेळ थांबली, आणि त्यांनी चष्मा काढला.

“वनमालाबाई, मला एक विचारावं लागतं,” ते म्हणाले. “नियमच आहे तसा. ही नाहरकत तुम्ही स्वतःच्या मर्जीनं देताय ना? घरच्या कोणाचा दबाव नाही?”

मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.

“नाही साहेब,” वनूताई म्हणाली. “कोणाचा नाही.”